पांढरीची निवड : नवी घरे, झाडी आणि पाण्याची वाट

(इयत्ता चौथी व पाचवी – परिसर अभ्यास व गणित यांसाठी)

महाराष्ट्रातील खेड्याच्या भूमीचे काळी आणि पांढरी असे दोन भाग मानण्याची रीत फार जुनी आहे. काळी म्हणजे पिकाऊ शेतजमीन आणि पांढरी म्हणजे घरे बांधण्याची जागा. ही वाटणी केवळ मातीच्या रंगावरून झालेली नाही. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर उभारलेली भिंत तडकल्यावाचून राहत नाही. पांढरीची जागा बहुधा उंचवट्याची, चांगल्या निचऱ्याची, ओढ्यानदीजवळची परंतु पुराच्या रेषेबाहेरची अशी पाहून घेतलेली असे. ‘बहुधा’ हा शब्द येथे मुद्दाम योजिला आहे. जुन्या लोकांचे सर्वच आडाखे बरोबर होते असे नाही. २०१९ सालच्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेच्या महापुरात सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांतील कित्येक जुनी गावे पाण्याने वेढली गेली. तथापि पाणी कोठून येते आणि कोठे जाते हा प्रश्न घराच्या जागेआधी विचारला जात असे, एवढे खरे.

आता जुनी गावठाणे भरून गेली आहेत. एका घराची चार घरे झाली. गावठाणाबाहेर, गायरानाच्या कडेला, टेकडीच्या उतारावर, ओढ्याच्या काठी नव्या वस्त्या उभ्या राहत आहेत. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेमुळे व राज्याच्या घरकुल योजनांमुळे ज्यांच्या डोक्यावर कधी पक्के छप्पर नव्हते अशा कुटुंबांना घरे मिळू लागली, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु नवी वस्ती आखण्याचा प्रघात मात्र विचार करण्याजोगा आहे. प्रथम जागा ‘साफ’ केली जाते, म्हणजे तिच्यावरील झाडे तोडली जातात. नंतर कागदावर चौकोन आखून भूखंड पाडले जातात. मग रस्ता, आणि निधी उरला तर शेवटी गटार. पाण्याचा विचार सर्वांच्या अखेरीस येतो. पाऊस मात्र पहिल्याच मृगात येतो.

हा विषय इंजिनिअरांचा आहे, शाळेचा त्याच्याशी संबंध काय, असे काही शिक्षकांस वाटेल. परंतु गावात उतार मोजणारे, पाऊस मोजणारे आणि त्याचा लेखी हिशेब ठेवू शकणारे दुसरे ठिकाण बहुतेक खेड्यांत नाही. शिवाय ज्या घरांची आखणी आज होत आहे, त्यांत पुढील पन्नास वर्षे राहणारी मुले याच वर्गात बसलेली आहेत.

माळीणचे उदाहरण

पाठाचा आरंभ एखाद्या खऱ्या घटनेने करणे इष्ट होय. पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण हे सह्याद्रीच्या कुशीतले आदिवासी वस्तीचे लहानसे गाव. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी गावामागील डोंगराचा उतार सुटला आणि चिखल, दगड व झाडे यांचा लोट पाहता पाहता घरांवर आला. १५१ माणसे त्यात मृत्युमुखी पडली. बाहेरच्या जगाला ही वार्ता कळली ती एका एस. टी. चालकामुळे. नेहमीची फेरी घेऊन तो आला, तेव्हा रोज दिसणारे गाव त्याला दिसले नाही.

या दुर्घटनेस एकच एक कारण नव्हते. उतार तीव्र होता, खडकावर झिजलेल्या दगडमातीचा जाड थर होता आणि मुसळधार पाऊस चालू होता. उतारावर पायऱ्या पाडून खाचरे करण्याचे काम यंत्रांनी झाल्यामुळे डोंगराचा तोल बिघडला व पाण्याच्या मूळ वाटा मोडल्या, असेही अनेक अभ्यासकांचे मत पडले. या भागात ‘पडकई’ म्हणून हातांनी व गावकीने खाचरे पाडण्याची जुनी रीत आहे. ती धीमी होती, म्हणून डोंगराला झेपत होती. मुलांना हे सांगताना शेतकऱ्यांवर दोष जाणार नाही याची काळजी घ्यावी. ज्यांच्याकडे सपाट जमीन नाही त्यांना भात उतारावरच पिकवावा लागतो.

डोंगर सुटतो म्हणजे काय होते, हे एका फळीने दाखविता येते. गुळगुळीत फळीवर चार बोटे जाडीचा मातीचा थर दाबून बसवावा व फळी एका बाजूने उचलावी. कोरडी माती पुष्कळ वेळ जागा सोडीत नाही. नंतर तसाच थर करून त्यावर झारीने हळूहळू पाणी शिंपावे. माती भरली की तिचे वजन वाढते, कणांची एकमेकांवरील पकड सुटते आणि फळी व माती यांच्या सांध्याशी पाणी साचते. मग थोड्याशा उतारावरही सबंध थर एकदम घसरून येतो. फळी म्हणजे खालचा खडक, हे मुले आपण होऊनच ओळखतात.

माळीणच्या कथेचा दुसरा भाग फारसा सांगितला जात नाही. या पाठाच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा आहे. वाचलेल्या लोकांसाठी जवळच आमडे येथे ६७ घरांचे नवे गाव उभारण्यात आले आणि एप्रिल २०१७ मध्ये घरे ताब्यात देण्यात आली. घरे पक्की होती, रस्ते होते, शाळा होती. त्याच वर्षीच्या जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला, तेव्हा काही ठिकाणी भराव खचला, रस्ते दबले आणि भेगा दिसू लागल्या. जे लोक तीन वर्षांपूर्वी एका डोंगराखालून वाचले होते, त्यांची त्या रात्री काय अवस्था झाली असेल, हे सांगावयास नको.

उताराच्या जागेवर सपाट वस्ती करावयाची म्हणजे वरची बाजू कापावी लागते आणि ती माती खालच्या बाजूला टाकावी लागते. कापलेली बाजू उघडी पडते. टाकलेली बाजू, म्हणजे भराव, दोन-चार पावसाळे दबत राहते. जे पाणी पूर्वी गवतातून, दगडांच्या फटींतून, लहानमोठ्या वघळींतून वाट काढीत जात होते, त्याची ती वाट बुजलेली असते. त्याला नवी वाट करून दिली नाही, तर ते रस्त्याखालून, भिंतीखालून आपली वाट शोधते. घर कितीही भक्कम असले तरी ते ज्या जमिनीवर उभे आहे तिच्याहून अधिक भक्कम असू शकत नाही.

पावसाचा हिशेब

येथे गणिताच्या तासाची जोड घ्यावी. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी होते. हे सूत्र मुलांना पाठ करून देऊ नये, पटवून द्यावे. एक मीटर लांब व एक मीटर रुंद असा चौकोन ओट्यावर खडूने आखावा आणि त्यावर एक मिलिमीटर उंचीचे पाणी उभे आहे अशी कल्पना करण्यास सांगावे. १०० सेंटिमीटर गुणिले १०० सेंटिमीटर गुणिले एक दशांश सेंटिमीटर, म्हणजे १००० घनसेंटिमीटर, म्हणजेच एक लिटर.

आता घरकुलाचे छप्पर घ्यावे. प्रधानमंत्री योजनेत घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर ठरविले आहे. गावात अशी ४० घरे एका ठिकाणी होणार असतील, तर केवळ छपरांचे क्षेत्र १००० चौरस मीटर झाले. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, आणि घाटमाथ्यावर व कोकणात असा दिवस दरसाल येतोच, तर त्या छपरांवरून एक लाख लिटर पाणी खाली येते. दहा हजार लिटरचा टँकर मुलांनी उन्हाळ्यात पाहिलेला असतो. असे दहा टँकर एका दिवसात वस्तीत रिकामे केले तर ते पाणी कोठे जाईल, असा प्रश्न विचारावा. उत्तर देण्याची घाई करू नये. अंगणे, रस्ते व फरसबंदी यांचे क्षेत्र छपरांच्या तिप्पट धरल्यास तीस टँकर आणखी वाढतात.

पाऊस पूर्वीही तेवढाच पडत होता, मग आता अधिक काय झाले, ही शंका एखादा चलाख विद्यार्थी काढील. ती मोलाची शंका आहे. पूर्वी त्या जागेवर गवत होते, झुडपे होती, पालापाचोळा होता. पाण्याचा काही भाग पानांवरच अडे, काही जमिनीत मुरे आणि उरलेला सावकाश वाहत ओढ्यास मिळे. आता तेच पाणी जवळजवळ सर्वच्या सर्व, आणि एकाच वेळी, खाली धावते. ओढ्याचे पात्र मात्र होते तेवढेच राहते. पुष्कळदा ते त्याहून कमी होते, कारण खणलेली माती टाकण्यास सर्वांत सोयीची जागा म्हणजे ओढा असे मानले जाते.

झाडे काय करतात आणि काय करीत नाहीत

झाडांचे महत्त्व सांगताना शाळेत अतिशयोक्ती होते. झाड लावले की पूर थांबला, दरड थांबली, पाऊस आला, असे मुलांना वाटू लागते. असे सांगणे बरोबर नाही. झाडांची बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या एक-दोन मीटरच्या थरातच पसरलेली असतात. तेवढा थर ती घट्ट धरून ठेवतात. पावसाच्या थेंबाचा मारा पाने झेलतात. पाचोळ्याखालची माती भुसभुशीत राहून पाणी आत घेते. मुळांनी केलेल्या वाटांनी ते खोल उतरते. उतारावरील वरवरची झीज, घळी पडणे आणि ओढ्यात गाळ येणे यांवर याहून स्वस्त उपाय नाही. परंतु मुळांच्या खालून सबंध थरच सुटला तर झाडेही त्याबरोबर येतात. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. तेथे आजूबाजूला झाडी नव्हती असे मुळीच नाही. यास्तव उभ्या उताराच्या पायथ्याशी वस्ती करू नये हा नियम पहिला, आणि झाडी राखावी हा दुसरा. एकाच्या बदली दुसरा चालत नाही.

झाडी राखण्याचा आपल्याकडील जुना मार्ग देवराईचा होय. गावाबाहेर, बहुधा पाण्याच्या उगमाजवळ, देवाच्या नावाने रान राखलेले असते आणि त्यातील वाळके लाकूडही घरी नेत नाहीत. आंबेगाव तालुक्यातच आहुपे येथील देवराई प्रसिद्ध आहे. डॉ. वा. द. वर्तक व डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७० नंतरच्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा शास्त्रीय अभ्यास केला आणि आसपासचे डोंगर उघडे पडले असताना येथे दुर्मीळ वृक्षवेली टिकून आहेत हे दाखवून दिले. कित्येक देवरायांतून बारमाही झरे निघतात. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याच्याकडे. परंतु झऱ्याच्या डोक्यावरचे रान तोडू नये हे व्यवहारज्ञान त्या रीतीत होते, हे विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे.

मोठे झाड आणि रोपटे यांत फरक आहे, हेही स्पष्ट करावे. वस्तीसाठी साठ वर्षांचा आंबा किंवा जांभूळ तोडून त्याऐवजी दहा रोपे लावली, तर हिशेबात नऊ झाडे वाढली असे दिसते. परंतु त्या आंब्याच्या सावलीएवढी सावली आणि त्याच्या मुळांएवढी पकड त्या रोपांना येण्यास दुसरी पिढी उजाडेल. आणि उन्हाळ्यात ती जगतील की नाही हा प्रश्न निराळाच. आखणी करताना रस्ता चार हात वळविला तर झाड वाचते. वळलेल्या रस्त्याने कोणाचे नुकसान झाल्याचे ऐकिवात नाही.

कायद्याचे ज्ञान दोन वाक्यांत पुरे. वनजमीन अन्य कामास देण्यासाठी १९८० च्या वनसंरक्षण कायद्यान्वये केंद्र शासनाची मान्यता लागते. आणि वनाबाहेरील ठरावीक जातींची झाडे तोडण्यावरही महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोडविषयक अधिनियमाचे बंधन आहे. मुलांना कलमे सांगण्याचे कारण नाही. शिक्षकास मात्र ठाऊक असावीत.

ओढ्याची जागा

कोरडा ओढा ही रिकामी जागा आहे असा समज सर्वत्र आढळतो. वर्षातले दहा महिने तेथे गुरे चरतात, मुले खेळतात. परंतु ओढ्याचे पात्र हे त्याच्या नेहमीच्या पाण्यासाठी नसून दहा-वीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पाण्यासाठी आहे.

ही गोष्ट शहरांनाही महाग पडली आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. विहार व पवई तलावांच्या सांडव्यापासून निघणाऱ्या मिठी नदीचे पात्र भरावांनी व बांधकामांनी आखडलेले होते. पाणी वस्त्यांत शिरले. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात कात्रजच्या डोंगराकडून येणाऱ्या आंबील ओढ्याने तसेच केले. भिंती पडल्या, वाहने वाहून गेली आणि माणसे दगावली. ओढा जुना होता, त्याच्या काठची अनेक घरे नवी होती.

खेड्यात हा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण ओढ्याकाठची जागा कोणाच्या वाट्यास येते ते सर्वांना ठाऊक असते. ज्याच्याकडे जमीन आहे तो उंचावर बांधतो. ज्याच्याकडे काही नाही त्यास, दुसऱ्या कोणास नको असलेली जागा दाखविली जाते, आणि तोही ती घेतो, कारण नाही म्हटले तर घरकुलच हातचे जाईल ही भीती असते. शिक्षकाने वर्गात कोणाच्याही घराचे नाव घेऊन उदाहरण देऊ नये. त्या घरातले मूल समोर बसलेले असते. परंतु ग्रामसभेत जागेचा विषय निघेल तेव्हा पुराची रेषा कोठवर येते ही माहिती शांतपणे मांडणे हे मात्र त्याचे कामच आहे.

फेरी

पाठाचा मुख्य भाग वर्गाबाहेर व्हावा. जूनमध्ये एक-दोन पाऊस होऊन गेल्यावर, उघडीप पाहून, मुलांना जुन्या व नव्या वस्तीतून फिरवून आणावे. ओढ्यास पाणी असेल तर काठापासून दूर राहावे. पावसाचा जोर असता फेरी काढूच नये. फेरीत पाण्याच्या खुणा पाहावयाच्या आहेत: रस्त्यावर पडलेली घळ, भिंतीवरील चिखलाची रेषा, कुंपणाच्या तारेत अडकलेला काडीकचरा. काडीकचरा जमिनीपासून किती उंच अडकला आहे हे पट्टीने मोजावे. पाणी तेथवर आले होते याचा तो लेखी दाखला समजावा.

वृद्ध माणसांना विचारण्याचे काम मुलांकडे द्यावे. ती फार चांगले करतात. “आजी, तुम्ही सासरी आलात तेव्हा हा ओढा केवढा रुंद होता?” “आबा, पाणी सर्वांत वर कधी आले होते? मारुतीच्या पाराला लागले होते का?” अशा प्रश्नांना उत्तरे मिळतात; ‘पूररेषा कोठे आहे’ या प्रश्नास मिळत नाहीत. शेतांची व वाटांची नावेही विचारावीत. ज्या जागेच्या नावात डोह, पाझर, पाणथळ किंवा वघळ आहे, तेथे आज पाणी दिसत नसले तरी चौकशी करावी. तलाठ्याकडील गावनकाशावर ओढेनाले दाखविलेले असतात. तो नकाशा आणि प्रत्यक्ष जागा यांची तुलना वरच्या वर्गातील मुलांना सहज जमते, आणि पुष्कळदा नकाशावरचा ओढा जागेवर सापडत नाही तेव्हा त्यांना फार आश्चर्य वाटते.

उतार मोजण्यास गवंड्याची पाणसळ-नळी पुरते. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन मुलांनी दोन काठ्यांशी तिची टोके धरावीत. दहा मीटर अंतरावर पाण्याच्या पातळीत व जमिनीत एक मीटरचा फरक पडला, तर उतार दहाला एक असा झाला. शाळेपासून ओढ्यापर्यंत असे मोजीत गेल्यास एका तासात उताराचा आलेख तयार होतो.

पाणी मुरण्याचा प्रयोग तर अवश्य करावा. पत्र्याच्या डब्याची दोन्ही तोंडे कापून कडा ठोकून घ्याव्यात, म्हणजे हात कापणार नाही. हा डबा चार बोटे जमिनीत दाबून त्यात एक लिटर पाणी ओतावे आणि ते पूर्ण मुरण्यास किती मिनिटे लागतात ते लिहावे. प्रथम झाडाखालच्या पाचोळ्यात, मग गायरानातील गवतात, मग तुडविलेल्या अंगणात आणि शेवटी नव्या वस्तीच्या रस्त्याकडेच्या भरावावर. आकडे गावोगावी निराळे येतील. ते येथे छापण्यात अर्थ नाही. अंगणातल्या डब्याशेजारी बसून कंटाळलेल्या मुलाला जे कळते ते पुस्तकाने कळत नाही.

आखणी कशी असावी

परत आल्यावर शाळेच्या पटांगणात ओल्या मातीचा डोंगर, ओढा व रिकामी जागा करून मुलांना चाळीस काड्यापेट्या द्याव्यात आणि गाव वसविण्यास सांगावे. पहिल्या वेळी सर्व गट पेट्या सरळ रांगेत, सपाट जागी, बहुधा ओढ्याला लागून मांडतात. झारीने वरून पाणी सोडले की काय चुकले ते दिसते. दुसऱ्या वेळी मांडणी बदलते. ओढा आणि त्याच्या दोन्ही काठांची पट्टी मोकळी सोडावी. डोंगराचा पायथा सोडावा. वस्तीच्या वरच्या अंगास एक चर आडवा काढून वरून येणारे पाणी बाजूच्या ओढ्यात नेऊन सोडावे. रस्ते उभ्या उताराने न नेता तिरपे न्यावेत. आणि रस्ता जेथे ओढा ओलांडतो तेथे मोरी लहान ठेवू नये. मोरीच्या तोंडाशी एक झुडूप अडकले की रस्ताच बांध होऊन बसतो.

एका गोष्टीविषयी सावध करणे जरूर आहे. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा शाळांच्या भिंतींवर लिहिलेली आहे आणि शेतीसाठी व गावाच्या विहिरीसाठी ती योग्यच आहे. परंतु वस्तीच्या डोक्यावर, मातीचा थर जाड असलेल्या तीव्र उतारावर पाणी अडवून जिरविणे धोक्याचे ठरू शकते. फळीच्या प्रयोगात नेमके हेच घडले होते. तेथे पाणी अडवावयाचे नसून सुखरूप बाहेर काढावयाचे असते. तेच शोषखड्ड्यांचे. सपाट जागी प्रत्येक घरामागे शोषखड्डा असणे उत्तम. भरावाच्या कडेवर तो करणे म्हणजे कडा आपल्या हाताने भिजविणे होय. जिरवावे कोठे आणि काढून द्यावे कोठे, हा विवेक जागा पाहूनच करावा लागतो, आणि मोठ्या वस्तीसाठी तो भूवैज्ञानिकाकडून करवून घेण्याचा आग्रह ग्रामपंचायतीने धरावा.

डोंगराळ गावांतील मुलांना धोक्याच्या खुणाही शिकवाव्यात: उतारावर नवी भेग पडणे, सरळ असलेली झाडे किंवा खांब कलणे, झऱ्याचे स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ होणे, पूर्वी नव्हता तेथे पाझर फुटणे, दारेखिडक्या अकस्मात घट्ट बसणे. अशी खूण दिसताच घरी व सरपंचांना सांगावे, आणि पाऊस चालू असेल तर थांबून पाहत बसू नये, मोठ्यांसह त्या जागेवरून निघावे. भय निर्माण न करता हे सांगता येते. सापाविषयी आपण सांगतोच.

शाळेची पाणी-नोंदवही

वर्षभर चालणारा भाग एवढाच की शाळेने पाण्याची एक नोंदवही ठेवावी. पर्जन्यमापक नसल्यास सरळ बाजूंचे, सपाट तळाचे भांडे उघड्यावर ठेवून रोज सकाळी ठरलेल्या वेळी पट्टीने मिलिमीटर मोजावेत व भांडे रिकामे करावे. हे काम पाचवीच्या मुलांनी आठवड्याच्या पाळीने करावे. सुटीच्या दिवसासाठी शाळेजवळ राहणारे मूल नेमावे. ज्या दिवशी ओढा काठाबाहेर आला त्या दिवसाची तारीख, वेळ, आधीच्या तीन दिवसांचा पाऊस आणि पाणी कोणत्या खुणेपर्यंत आले ते लिहावे. खूण म्हणून मोरीच्या कठड्यावर तेलरंगाने रेघा मारून ठेवल्यास सोपे जाते. रेघ पाण्याबाहेर राहून, दुरून वाचता येईल अशी असावी.

शिक्षकाची बदली झाली तरी वही शाळेतच राहावी, आणि कार्यभार देताना दप्तराच्या यादीत तिचा स्वतंत्र उल्लेख असावा. गावठाण वाढविण्याचा किंवा घरकुलांच्या जागेचा विषय ज्या ग्रामसभेपुढे असेल, त्या सभेत वहीतील पुराच्या नोंदी व मुलांनी काढलेला उताराचा नकाशा ग्रामसेवकाकडे द्यावा, आणि तो इतिवृत्तास जोडून घेतला की नाही ते पाहावे. दुसरी फेरी सप्टेंबरच्या अखेरीस काढावी. जूनमध्ये पाहिलेली प्रत्येक घळ पुन्हा मोजावी, लावलेल्या रोपांपैकी किती उभी आहेत ते मोजावे, आणि डब्याचा प्रयोग त्याच चार जागी पुन्हा करून दोन्ही वेळचे आकडे शेजारी शेजारी लिहावेत.